लक्ष्मीचा भूगोल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात गंगापूर रोड, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोच केला. आमचे शिक्षण म्हणजे १९७६ सालची शालान्त परीक्षा, जिला आमचे वडील अखेरपर्यंत ‘मॅट्रिक’च म्हणत, आणि त्यावर अध्यापनाची पदविका. अर्थशास्त्र आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. परंतु १९८१ पासून २०१८ पर्यंत ३७ वर्षे या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत आम्ही मुलांना भूगोल शिकविला. निवृत्तीनंतर जो वेळ मिळाला तो १८४० साली स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक वाचनालयात घालविला. तेथे जे वाचले आणि डोळ्यांनी जे पाहिले त्यांची सांगड घालून चार गोष्टी आपणापुढे ठेवतो. चूक असेल ती विद्वानांनी पदरात घ्यावी.

लक्ष्मी चंचल आहे असे आपण म्हणतो. तथापि नकाशा समोर ठेवून पाहिले तर असे दिसते की ती म्हणावी तितकी चंचल नाही. काही ठिकाणी ती पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवून बसते आणि काही उंबऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. ती कोठे बसते, का बसते आणि कोठून उठून जाते, हाच आजचा विषय.

प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात त्याचे प्रमाण लिहिलेले असते. जगाच्या नकाशात नाशिकचा ठिपकाही बहुधा सापडत नाही. जिल्ह्याच्या नकाशात गंगापूर रोडची रेघ दिसते. आणि महानगरपालिकेच्या नकाशात आपण आता बसलो आहोत ही इमारतसुद्धा दाखविता येते. मुलांना आम्ही सांगत असू की प्रमाण बदलले म्हणजे नकाशातील तपशील बदलतो. संपत्तीच्या बाबतीत मात्र आम्हांस निराळा अनुभव आला. प्रमाण कितीही बदला, चित्र तेच. जगाच्या नकाशात काही देश उजळ आणि काही काळोखे. उजळत्या भारतात पाहावे तर काही राज्ये उजळ, काही मंद. उजळ महाराष्ट्रात शिरावे तर मुंबई, ठाणे, पुणे झगमगतात आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम अंधारात चाचपडतात. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी एकीकडे आणि सुरगाणा, पेठ दुसरीकडे. आणि अगदी या शहरात, अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्लीकडे जाणाऱ्या या रस्त्यावर, एका बाजूस बारा मजल्यांची इमारत आणि तिच्या पायथ्याशी तीच इमारत बांधणाऱ्या मजुराची पत्र्याची खोपटी.

आमच्या लहानपणी महाविद्यालय मागे पडले की या रस्त्यावर शेते आणि मळे लागत. गोदावरीच्या काठाने सोमेश्वरापर्यंत पायी जाणे ही सहल होती. पुढे १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण. आज तो सर्व भाग वस्तीने भरला आहे, आणि धरणाच्या अंगास द्राक्षाच्या मद्याचे कारखाने उभे राहिले आहेत. त्यांपैकी सर्वांत नावाजलेला सुला हा १९९९ साली स्थापन झाला आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याचे भाग मुंबईच्या शेअर बाजारात विकले गेले. ज्या जमिनीत कोण्या काळी भुईमूग व गहू होई, त्या जमिनीच्या उत्पन्नाचा भाव आज दलाल स्ट्रीटवर क्षणाक्षणास खालीवर होतो. आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलेले हे स्थित्यंतर आहे.

परंतु जगाचा बाजार आपल्या दाराशी १९९९ मध्येच आला असे समजणे चूक होईल. आपल्या तांबट ज्ञातीच्या घरी तो फार पूर्वीच येऊन बसला होता. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही. आपल्या पूर्वजांचे सारे तांबे बाहेरून येई. पूर्वी लाद्या आणून, तापवून, ठोकून पत्रा करावा लागे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतून तयार पत्रा मुंबई बंदरी उतरू लागला. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. लंडन आणि नाशिकची तांबट आळी यांमधील अंतर मैलांत, दिवसांत आणि खर्चात पुष्कळ कमी झाले. पत्रा ठोकणाऱ्यांचे काम गेले. उलट भांडी स्वस्त झाल्यामुळे भांडी घडविणाऱ्यांचे काम वाढले. एकाच आळीत एका घरी दिवाळी आणि शेजारच्या घरी शिमगा. १८७७ मध्ये लंडन येथे धातूंचा वायदेबाजार स्थापन झाला. आपल्या आळीत सकाळी जो भाव कळे तो मुंबईचा असे, आणि मुंबईस जो कळे तो लंडनचा. हातोडा आपला, घाम आपला, भाव मात्र त्यांचा.

नाशिक हे ज्यांचे जन्मगाव, त्या प्रा. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रान्तीवर ग्रंथ लिहिला. शहरांतील कारागिरांची स्थिती त्यांनी त्यात विस्ताराने तपासली आहे. आपल्यासारख्या कारागीर ज्ञातीतील प्रत्येक सुशिक्षित तरुणाने तो वाचावा अशी आमची शिफारस आहे.

नंतर ॲल्युमिनियम आले. त्याच्या भांड्यांना आपल्या बायका ‘जर्मन’ची भांडी म्हणत, परदेश थेट फळीवर येऊन बसला तो असा. मग स्टेनलेस स्टील आले. १९७० च्या सुमारास आमच्या मातोश्रींनी घरातील तांब्याचे घंगाळ मोडीत दिले आणि त्या पैशांत स्टीलचे डबे घेतले. ते घंगाळ वडिलांनी स्वतःच्या हातांनी मठारलेले होते. ते काही बोलले नाहीत. मोडीचा भाव काय आला एवढेच त्यांनी विचारले. कल्हईचा खर्च नाही, घासायला सोपे, दिसायला लख्ख. मातोश्रींचे काय चुकले? जे लाखो घरांत घडले तेच आमच्या घरी घडले, आणि त्याचा परिणाम म्हणून आम्ही हातोडा सोडून खडू हाती घेतला. आपल्यापैकी बहुतेकांची हकीकत थोड्याफार फरकाने अशीच असावी.

आता मौज पाहा. विजेच्या तारा आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी यांमुळे आज तांब्याला जगभर मागणी आहे. मग ज्यांच्या भूमीत तांबे ते देश सुखी असावेत. जगातील सुमारे चतुर्थांश तांबे चिली देशात निघते. आफ्रिकेतील काँगो अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या क्रमांकावर आला आहे, पण तेथील सामान्य मनुष्य जगातील अत्यंत दरिद्री लोकांत मोडतो. खाण काँगोत आहे. तांबे शुद्ध करण्याचे चाळिसांहून अधिक टक्के काम चीनमध्ये होते. भाव लंडनमध्ये ठरतो. तार कोणी तिसरा ओढतो. आपल्या देशात तुतिकोरिन येथील मोठा कारखाना २०१८ च्या मे महिन्यात बंद झाला आणि तांबे निर्यात करणारा भारत निव्वळ आयात करणारा देश झाला. तेथील रहिवाशांनी प्रदूषणाविरुद्ध आंदोलन केले, गोळीबारात माणसे मेली, त्यानंतर तो बंद झाला, हेही सांगितले पाहिजे. एका गावचा धूर हा दुसऱ्या गावच्या तारेचा भाव असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. माल कोठे पिकतो किंवा निघतो यापेक्षा त्यावर शेवटचा हात कोठे फिरतो आणि त्याचा भाव कोण ठरवितो, यावर लक्ष्मीचे बिऱ्हाड अवलंबून असते.

हेच आपल्या द्राक्षांचे. थॉमसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातून आले. ज्या डॉगरिज खुंटावर आपण डोळा बांधतो तो खुंट अमेरिकेतला. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मात्र आपल्या कष्टकऱ्यांची. माल न्हावाशेवा बंदरातून युरोपास जातो. २०१० साली युरोपातील अधिकाऱ्यांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि पाठविलेला माल नाकारला गेला. कित्येक बागाइतदारांना त्या मर्यादेचा पत्ताही नव्हता. नियम समुद्रापलीकडे झाला, कर्ज मात्र निफाडच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर चढले. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा आपल्या द्राक्षांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. १८६९ पूर्वीची वाट पुन्हा नशिबी आली. भाडे वाढले, दिवस वाढले, आणि नाशवंत फळाला दिवस म्हणजेच पैसा.

कांद्याचे दुःख तर घरचेच. लासलगावच्या कांद्याची निर्यात २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाली. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंद झाली. २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के कर बसला आणि ८ डिसेंबरला निर्यात पूर्णच बंद करण्यात आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, आणि कराचा शेवटचा हिस्सा १ एप्रिल २०२५ पासून गेला. दिल्लीच्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू वाईट नव्हे. पण तिच्या कढईची आच येवल्याच्या शेतकऱ्याच्या पोटाला का लागावी, याचे उत्तर कोणी दिले नाही. येथे परका इंग्रज नाही, परका व्यापारीही नाही. आपल्याच देशात एका प्रदेशाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यातून चुकविला गेला.

दादाभाई नौरोजींनी १९०१ च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातून विलायतेस वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. तो ओघ ओळखण्यास आपण शिकलो. तथापि लहान प्रमाणाचे ओघ आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत, कारण त्यांच्या खालच्या अंगाला आपण स्वतः ओंजळ धरून उभे असतो.

आमची पहिली नेमणूक सुरगाणा तालुक्यात झाली. पावसाळ्यात तेथे आभाळ फाटावे असा पाऊस पडतो. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. नार, पार या नद्या तेथे उगम पावून पश्चिमेस गुजरातेत निघून जातात. दिवाळी सरली की शाळेच्या पटावर चाळीस नावे आणि वर्गात पंधरा मुले राहत. बाकीची आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांवर गेलेली असत. होळीला ती परत येत. एकदा आम्ही वर्गात युरोप खंड शिकवीत होतो. नकाशावर हॉलंड कोणासच दाखविता येईना. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘गुरुजी, त्यो देश मला ठावं न्हाई, पर त्यांचा मणी ठावं हाय.’ त्याने खिशातून एक कडी काढली. द्राक्षाचा मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा भरला म्हणजे तो परदेशी आणि त्याहून बारीक तो येथल्या बाजाराचा, हे मोजण्याची ती कडी होती. बागेवर ती त्याच्या हाती आली होती. बंधुभगिनींनो, जगाच्या अर्थव्यवहाराचा भूगोल आम्हांस त्या मुलाने शिकविला. त्याच्या मायबापांच्या हातून तयार झालेला घड हॉलंडास पोचला. तो मुलगा मात्र चौथीनंतर नाशिकपर्यंतही पोचला नाही. पुढे कित्येक वर्षांनी पेठ नाक्यावर पहाटे कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांच्या घोळक्यात त्याने आम्हांस ओळखून नमस्कार केला.

त्याच डोंगरांतील हजारो आदिवासी शेतकरी ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी निघाले आणि १२ तारखेस मुंबईत पोचले. कसत असलेली वनजमीन आपल्या नावे व्हावी, ही त्यांची प्रमुख मागणी. २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी रस्ते-पाणी-दवाखान्याअभावी आपणांस गुजरातेत घ्या अशी मागणी केली. या दोन्ही बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचल्या आणि पान उलटले.

आता पाण्याकडे पाहू. इगतपुरी तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईस जाते. आपल्या गंगापूर-दारणा धरणांतील पाणी टंचाईच्या वर्षी जायकवाडीस सोडावे लागते, कारण २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. २०१३ पासून आपल्याकडे त्याविरुद्ध आरडाओरड होत आली. आम्हीही एका सभेत तावातावाने बोललो होतो. परतताना मनात विचार आला की मुंबईने वैतरणेचे पाणी नेले याचा आपणांस राग येतो, तेव्हा आपण खेड्याचे वकील असतो. आणि पैठणचा शेतकरी गोदेचे पाणी मागतो तेव्हा आपण शहराचे वकील होतो. वरच्या अंगास असलो म्हणजे नदी आपली, खालच्या अंगास असलो म्हणजे नदी सर्वांची! हा न्याय फार काळ टिकत नाही.

राज्याच्या पातळीवर हा प्रश्न नवा नाही. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला वचने दिली गेली. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली. ‘अनुशेष’ हा शब्द तिच्या अहवालाने घरोघर पोचविला. घटनेच्या ३७१ व्या कलमान्वये १९९४ मध्ये विकास मंडळे झाली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०१३ मध्ये डॉ. विजय केळकर समितीने पुन्हा अहवाल दिला. अहवालांचा अनुशेष तेवढा भरून निघाला, असे खेदाने म्हणावे लागते.

असे का होते? स्वीडनचे गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात याचे जे विवेचन केले आहे, ते आपल्या भाषेत ‘पैशाकडे पैसा जातो’ एवढ्यात सांगता येईल. नाशिकचेच उदाहरण घ्या. प्रथम आगगाडी आली. टपालाची तिकिटे १९२५ पर्यंत लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जात. ते काम नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात आले, कारण येथे आगगाडी होती. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरची वसाहत उभी राहिली, कारण धरणाचे पाणी आणि शिकलेले कामगार येथे होते. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तंत्र रशियाचे, हात आपले. कारखान्यांमुळे महाविद्यालये वाढली, महाविद्यालयांमुळे आणखी कारखाने आले. आणि सुरगाण्यात? तेथे पहिलेच काही आले नाही, म्हणून दुसरे आले नाही. दुसरे नाही म्हणून तिसरे नाही. शिकलेला मुलगा गाव सोडून जातो, म्हणून गावाला शिकलेले कोणी राहत नाही, म्हणून पुढची शाळा सुधारत नाही. चढण्याची शिडी आणि घसरण्याची घसरगुंडी, दोन्ही एकाच लाकडाच्या केलेल्या आहेत.

जगाच्या व्यवहारापासून दार लावून बसावे असे आम्ही म्हणत नाही. त्या व्यवहाराने आपल्या कित्येक घरांत सुबत्ता आणली. या सभेत ज्यांची मुले अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा पुण्याच्या परदेशी कंपन्यांत आहेत अशी निम्मी घरे सहज निघतील. त्यांत आमचेही घर आहे, आणि गंगापूर रोडवरील ज्या सदनिकेत आम्ही राहतो ती मुलाच्या परकीय चलनातील वेतनावर घेतलेली आहे. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की जगातील माणसामाणसांच्या उत्पन्नात जो फरक आहे, त्यातील निम्म्याहून अधिक फरक तो माणूस कोणत्या देशाचा यावरूनच ठरतो. आमचा मुलगा तेथे गेल्याने चौपट हुशार झाला नाही. त्याची जागा बदलली. आणि ती जागाही पक्की नाही, हे २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले तेव्हा आपणां सर्वांस एका रात्रीत कळले. त्या रात्री गंगापूर रोडवर किती घरांचे दिवे उशिरापर्यंत जळत होते! वॉशिंग्टनच्या एका सहीने आपली जी गत होते, तीच नाशिकच्या बागाइतदाराच्या एका निरोपाने सुरगाण्याच्या मजुराची होते. प्रमाण तेवढे निराळे.

उपाय कोणी शोधले नाहीत असे नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये शेतकरी एकत्र आले, माल निवडणे, थंड करणे, पाठविणे हे शेवटचे हात त्यांनी स्वतःकडे घेतले आणि परदेशच्या बाजाराशी बरोबरीने बोलू लागले. त्याआधी प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्यांच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळच होते. हेच गाडगीळ पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचा पैसा राज्यांस कसा वाटावा याचे जे सूत्र १९६९ साली ठरले त्यास त्यांचे नाव आहे. ६० टक्के लोकसंख्येवर, आणि उरलेल्या चार दशांशांपैकी एक भाग केवळ यासाठी की अमुक राज्याचे दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा कमी आहे. मागे राहिलेल्यास मागे राहिल्याबद्दल थोडे अधिक द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ते सूत्र आज चालू नाही. पण त्यातील न्याय जुना झालेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि येथे आम्हांस थोडे अप्रिय बोलावे लागणार आहे.

आपल्या मंडळाचा नकाशा काढला तर तो कसा दिसेल? कार्यालय गंगापूर रोडवर. सभा येथेच. कार्यकारी मंडळातील बहुतेक सभासद येथून दोन मैलांच्या आतले. गेल्या वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची जी बक्षिसे वाटली ती जवळजवळ सर्व याच दोन रस्त्यांवरील घरांत गेली. सटाणा, कळवण, येवला, नांदगाव येथे आजही आपली जी घरे आहेत, ज्यांतील काही अजून मोडीची भांडी विकत घेऊन उपजीविका करतात, त्यांच्याकडून वर्गणी येते आणि त्यांच्याकडे स्मरणिका जाते. याहून अधिक देवघेव नाही. म्हणजे काँगोचे तांबे लंडनला आणि लंडनचा भाव काँगोला, तोच प्रकार!

सटाण्याकडील एका ज्ञातिबांधवाच्या कन्येला दोन वर्षांपूर्वी येथील महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला होता. गुण आपल्या बक्षीसपात्र मुलांहून कमी नव्हते. राहण्याचा खर्च झेपेना म्हणून वडिलांनी तिला परत नेले. ती आमच्याच घरी चार दिवस उतरली होती. आमच्या घरात एक खोली रिकामी होती, मुलाची, तो परदेशी असल्यामुळे. ‘येथेच राहा’ हे दोन शब्द आमच्या ओठांवर आले आणि तेथेच राहिले. सोय-गैरसोय, जबाबदारी, लोक काय म्हणतील, असे दहा विचार आडवे आले. आम्ही ३७ वर्षे मुलांना शिकविले, आणि त्या दिवशी नापास झालो. म्हणून आजचे हे बोलणे दुसऱ्यास उपदेश करण्यासाठी नाही. ते आमचे स्वतःचे प्रायश्चित्त आहे.

मंडळापुढे आज ठराव आहे की जमलेल्या निधीतून याच रस्त्यावर वातानुकूलित मंगल कार्यालय बांधावे. लग्नकार्यास सोय होईल, भाड्याचे उत्पन्न येईल, हे सर्व खरे. काही सन्माननीय सभासद म्हणतील की देणगी ज्यांनी दिली ते येथलेच आहेत, मग वास्तू येथे का नको? हा युक्तिवाद निरुत्तर करणारा वाटतो. परंतु विचार करावा: मुंबई हाच युक्तिवाद नाशिकला करते आणि दिल्ली महाराष्ट्राला. तो तेथे आपणांस पटत नसेल तर येथे का पटावा?

म्हणून आमची उपसूचना अशी. कार्यालय अवश्य व्हावे. पण निधीचा तिसरा हिस्सा बाजूस काढून वरच्या मजल्यावर दहा विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे, पाच मुली आणि पाच मुलगे. शहरातील मुलांस तेथे जागा नसावी. तालुक्यांतून येणाऱ्यांत ज्यांचे उत्पन्न कमी त्यांस आधी घ्यावे. आपल्यापुरते हेच गाडगीळ सूत्र. आणि त्या दहांपैकी दोन जागा ज्ञातीबाहेरच्या, सुरगाणा-पेठच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी असाव्यात. हे शेवटचे वाक्य ऐकून काहींच्या भुवया उंचावतील याची आम्हांस कल्पना आहे. ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का, असे ते विचारतील. त्यांना आमचा प्रश्न एवढाच की ज्या द्राक्षांवर, ज्या इमारतींवर, ज्या धरणाच्या पाण्यावर हा रस्ता समृद्ध झाला, त्यांत त्या डोंगरांतील माणसांचा घाम किती होता, याचा हिशेब कोणत्या खात्यात लिहिला आहे? तो आपण काढू शकत नाही. निदान दोन खाटा तरी देऊ शकतो.

जगाचे भाव बदलणे आपल्या हाती नाही. लंडनचा बाजार आपले ऐकणार नाही, आणि तांबड्या समुद्रातील जहाजांना आपण वाट दाखवू शकत नाही. परंतु नकाशाची अनेक प्रमाणे असतात, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या प्रमाणाचा नकाशा, ज्यात आपले घर, आपला मजला आणि आपली रिकामी खोली दिसते, तो आपल्याच हाती आहे. वसतिगृह होईपर्यंत आमच्या घरची ती खोली येत्या जूनपासून एका विद्यार्थिनीस देण्याचे आम्ही पत्नीच्या संमतीने ठरविले आहे. चिटणीसांनी नाव कळवावे.

 उपसूचनेवर मत देताना आपण आपल्या मनास पटेल तसेच द्यावे. अधिक बोलून आपला वेळ घेत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.